धुतलेले मीठ

जानेवारी २०२० च्या १० ते १२ या तारखांना उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षपदी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एक कॅथलिक धर्मगुरू त्या पीठावर बसलेला पाहून आपल्या लोकांना किती धन्यता वाटली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. नेमक्या त्याच दिवसांत चीनमधील शास्त्रज्ञांनी एका नव्या विषाणूची जनुकीय रचना जगापुढे ठेवली. वुहान शहरात श्वासाच्या विकाराने माणसे रुग्णालयात दाखल होत होती. मांडवात खांद्याला खांदा लावून बसलेल्या श्रोत्यांच्या ते गावीही नव्हते. ३० जानेवारीस केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला, ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण आढळले आणि २४ मार्चच्या मध्यरात्री अवघा देश दाराआड गेला. पुढचे संमेलन नाशिकला भरायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला.

या दोन संमेलनांमधील तेवीस महिन्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचा परामर्श घ्यावा, अशी संपादकांनी आज्ञा केली. मी ती आनंदाने स्वीकारली आणि नंतर पस्तावलो. दोन वर्षांचे दिवाळी अंक, कवितासंग्रह, स्मरणिका, वृत्तपत्रांच्या पुरवण्या असा ढीग टेबलावर जमला. तो वाचून झाल्यावर जे वाटले ते येथे मांडतो. मी व्यवसायाने समीक्षक नव्हे. सेमिनरीत साहित्याची गोडी लागली आणि धर्मग्रामाच्या धबडग्यातही ती सुटली नाही, एवढाच माझा अधिकार.

पहिली गोष्ट अशी की, या लेखनातली टाळेबंदी बहुतांशी गॅलरी असलेल्या घरातली आहे. लेखक खिडकीत बसला आहे, रस्ता सुना आहे, तारेवर पक्षी आहे. कित्येक वर्षांनी त्याला पत्नीचा चेहरा नीट दिसतो आहे आणि तो आयुष्यात प्रथमच भाकरी थापतो आहे. हे खोटे नाही. काही कविता चांगल्याही आहेत. परंतु आमच्या पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड माणसे त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आवारात, पाचटाच्या कोप्यांत अडकून पडली होती. एप्रिल २०२० मध्ये शासनाने परवानगी दिली तेव्हा ती घरी निघाली. त्या कोपीतून तार दिसते की नाही, पक्षी दिसतो की नाही, हे कळायला या ढिगात मार्ग नाही.

वृत्तपत्रांनी दुसरी वाट धरली. त्यांनी नायक शोधले. आपल्या जिल्ह्याला त्यांची वाण पडली नाही. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारने पथके नेमून घरोघर तपासणी केली आणि दुसऱ्या लाटेत गाव कोरोनामुक्त करून दाखवले. पारनेर तालुक्यात भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी हजाराहून अधिक खाटांचे उपचार केंद्र उभारले आणि ते स्वतः तेथेच मुक्कामाला राहिले. दोन्ही कामे मोठी आहेत. माझी तक्रार कामांविषयी नाही, त्यांच्यावरील लेखनाविषयी आहे. त्या हजार खाटांपैकी एका खाटेवर पडलेल्या माणसाला रात्री दोन वाजता काय वाटले, हे कुणी विचारलेले दिसत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. हे रुग्ण साथीशी झुंजत होते आणि आगीत गेले. शोकांतिका लिहिणाऱ्याला याहून भयंकर विषय कोणता हवा? आठवडाभर बातम्या आल्या आणि चौकशीच्या बातम्यांत ती माणसे विरून गेली.

उरले आकडे. जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदलेले मृत्यू सुमारे सत्तर लाख आहेत. त्याच संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा अधिक झालेल्या मृत्यूंचा अंदाज काढला तो जवळजवळ दीड कोटीचा. त्यातले सत्तेचाळीस लाख भारतातले, असे ती म्हणाली, आणि भारत सरकारने ते मान्य केले नाही. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. माझ्यासारख्याला एवढेच दिसते की, लाखांच्या हिशेबात जी माणसे धरावी की न धरावी असा वाद होतो, त्यांची निदान नावे तरी कुठेतरी कथेत, कवितेत, आठवणीत यायला हवी होती.

ती आली नाहीत तर काय होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. पावसाळा संपता संपता त्याची दुसरी, अतिशय मारक लाट दख्खनभर पसरली. त्याच वर्षी पाऊसही रुसला होता. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अभ्यासक मानतात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एकदाच घडले आहे. नगर जिल्ह्याची लोकसंख्याही त्या दशकात घटली. त्या तापाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली, म्हणजे मेलेल्यांना आपण कशाने मेलो हे कधी कळलेच नाही.

एवढ्या मोठ्या संहाराचे मराठी साहित्यात काय उरले? हिंदीत निरालांनी 'कुल्ली भाट' मध्ये आपल्या पत्नीचा आणि घरच्या माणसांचा त्या साथीतला मृत्यू सांगितला आहे; गंगेत तरंगणारी प्रेते त्या पुस्तकात कायमची राहिली आहेत. मराठीत त्या साथीवर उभे राहिलेले पुस्तक शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. लोकांनी मात्र एक शब्द राखला: मानमोडी. माझी आजी हा शब्द वापरीत असे. तिच्या माहेरची कोणकोण माणसे गेली असे विचारले की ती बोटे मोजायला सुरुवात करी, मध्येच थांबे आणि म्हणे, "मानमोडीत गेली समदी." पुढे काही नाही. पाणी कुणी पाजले, खड्डा कुणी खणला, मागे राहिलेल्या पोरांना कुणी उचलले, हे सारे त्या एका शब्दात बंद झाले आणि तिच्याबरोबर मातीत गेले. ख्रिस्ती मराठीत 'निरोप्या' १९०३ पासून आहे, म्हणजे लिहिणारे हात नव्हते असे नाही. मग हे मौन का? माझा तर्क असा की, त्या साथीत जगलेल्या प्रत्येकाने कुणाला तरी एकटे टाकले होते. ते सांगायचे कसे?

हा तर्क मला सुचला तो 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या. तरी नगर-राहुरीकडच्या ख्रिस्ती माणसाला बायबलखालोखाल घरचे वाटणारे पुस्तक हेच. आजवर मी ते एका अलौकिक संसाराची कथा म्हणून वाचीत आलो होतो. या वेळी प्रारंभीच अडखळलो.

लक्ष्मीबाईंचे वडील, नाना गोखले, हे सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले गृहस्थ होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या नात्यातील एकाला फाशी झाली. त्या प्रसंगाने नानांच्या मनाने जे घेतले ते आमरण सुटले नाही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यातून मीठही सुटत नसे. धुतलेल्या मिठाचे काय होते हे कुणाही गृहिणीला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. वाचकही हसतो, मीही पूर्वी हसलो होतो. २०२० नंतर ते हसू ओठावर येईना.

कारण आपण दुसरे काय केले? दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. नोटांवर इस्त्री फिरवली. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाक औषधी द्रावणाने पुसला जाई आणि पुसणाऱ्या पोरांवर मी स्वतः देखरेख करी. पारवे आत येतात म्हणून खिडक्या मात्र बंद ठेवल्या होत्या! हा रोग मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेतल्या हवेतून पसरतो, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टपणे मान्य करायलाही फार वेळ घेतला. मार्च २०२० मध्ये ती याच्या उलट सांगत होती. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की, वस्तूंना हात लागून हा रोग होण्याचा संभव अत्यल्प आहे. तोवर वर्ष उलटले होते. उघडायच्या होत्या त्या खिडक्या, आणि आपण मीठ धुवीत बसलो होतो.

शास्त्रज्ञांकडून चूक झाली, ती त्यांनी सुधारली. शास्त्राची रीतच ती आहे. जानेवारी २०२० मध्ये ज्याची रचना कळली त्या विषाणूवरची लस १६ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात टोचली जाऊ लागली, ती पुण्यात तयार होत होती, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. माझा प्रश्न आपल्याविषयी आहे. हवेचे भय आपल्याला पटायला इतके जड का गेले आणि स्पर्शाचे भय एका रात्रीत का पटले? आपल्या समाजाला स्पर्शाचे भय शिकवावे लागत नाही, हे त्याचे उत्तर असावे. रेशन दुकानासमोर चुन्याची रिंगणे आखली तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई मला म्हणाली, "हे काय नवं हाय व्हय, फादर? माझ्या सासूला हिरीवर असंच लांब उभं ऱ्हावं लागायचं." आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबे कोणत्या वस्त्यांतून आली, हे आपण जाणतो. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिले, त्यात गावच्या मरणाशी निगडित कामे कुणाच्या वाट्याला येत, याचा उघडा हिशेब आहे. कोरोनाच्या काळात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रेते उचलणारे नगरपालिकांचे कामगार कोण होते? कोरोनावरील मराठी लेखनाने हा प्रश्न विचारलेला नाही. 'अंतर राखा' हा शब्दप्रयोग शेकडो कवितांत आला आहे, पण आपल्या भाषेत त्याला किती जुना आणि कडवट इतिहास आहे, हे जाणून वापरणारा कवी मला त्या ढिगात भेटला नाही.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाची थोरवी येथे कळते. मीठ धुणाऱ्या घरात वाढलेली ही मुलगी, नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पुन्हा त्याच्याकडे आली ती स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी निराळे राखून. ते सोवळे गळून पडायला काळ लागला. तो सारा काळ, त्यातल्या हट्टासकट आणि फजितीसकट, तिने सांगितला आहे. आणि पुढे प्लेग आला तेव्हा तीच बाई रोग्यांच्या उशाशी बसली. (सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना वारल्या; त्यांनीही शिक्षिकेचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे गिरवले होते. नगरच्या मातीला हा अभिमान अवश्य असावा.) लक्ष्मीबाईंच्या लेखनात त्या सेवेला कुठेही तेजोवलय नाही. स्वतःचा भित्रेपणा आधी सांगून मग धैर्याविषयी त्या इतक्या सहज बोलतात की वाचकाला ते धैर्य आपल्यालाही जमेल असे वाटते. साथीच्या लेखनाची माझी कसोटी या पुस्तकाने ठरली. लिहिणारा स्वतः किती हात लांब उभा होता, हे त्याने सांगितले पाहिजे.

या कसोटीवर परभाषेतली दोन पुस्तके पाहू. दोन्हींत धर्मगुरू आहेत, म्हणून ती मला जवळची.

इटलीतील आलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या 'वाग्दत्त वधूवर' या कादंबरीत मिलान शहरातला १६३० चा प्लेग आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांची ही आवडती कादंबरी. मान्झोनी निष्ठावंत कॅथलिक, पण त्यांनी आपल्या चर्चचे पाप झाकले नाही. नागरिकांनी आग्रह धरला की संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या अवशेषांची मिरवणूक काढा, म्हणजे रोग हटेल. कार्डिनल फेदेरिको बोरोमिओ यांनी प्रथम नकार दिला, मग ते नमले. शहरभर मिरवणूक फिरली आणि दुसऱ्या दिवसापासून मृत्यूंनी उसळी घेतली. आता कुणालाही वाटेल की लोक गर्दीला दोष देतील. तसे झाले नाही. भिंतींना विषारी मलम फासणारे कुणी दुष्ट लोक मिरवणुकीत शिरले होते, अशी हाकाटी झाली. निरपराध माणसांना छळून कबुलीजबाब घेतले गेले. एका न्हाव्याला हालहाल करून ठार मारले आणि त्याचे घर पाडून तेथे कलंकस्तंभ उभारला. मान्झोनींनी त्या खटल्यावर निराळे पुस्तक लिहून ते कादंबरीला जोडले.

आपण हे वाचून युरोपच्या अज्ञानावर हसायचे कारण नाही. २०२० च्या वसंतात तबलिगी जमातच्या लोकांनी रोग मुद्दाम पसरवला, असे आपल्या घराघरांत बोलले जात होते. आपल्या ख्रिस्ती घरांतही बोलले जात होते, हे मी ऐकले आहे. आपल्याच जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकोणतीस परदेशी नागरिकांवरील ते गुन्हे रद्द केले. या माणसांना बळीचा बकरा केले गेले, असे म्हणून वृत्तमाध्यमांतील अपप्रचारावरही बोट ठेवले. मला वाटते, नगर जिल्ह्यात साथीच्या काळात जे गद्य लिहिले गेले त्यात हे निकालपत्र महत्त्वाचे आहे. आपला मान्झोनी अजून लिहायला बसलेला नाही, त्याच्यासाठी कागदपत्रे तयार आहेत.

मिरवणुकीवरून हरेगावची आठवण येणारच. २०२० च्या सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरली नाही, तेव्हा माझ्याकडे येऊन रडलेली माणसे मला आठवतात. "माउलीच्या दारात कसला रोग?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना मी मिलानची गोष्ट सांगितली नाही. दुःखी माणसाला इतिहास सांगू नये. परंतु येथे सांगतो. रोममध्ये १५२२ च्या प्लेगात सान मार्चेल्लो चर्चमधला क्रूस रस्तोरस्ती मिरवला होता. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी तोच क्रूस संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पावसात उभा होता आणि समोर पोप फ्रान्सिस एकटे होते. क्रूस तोच असून या वेळी त्याच्यामागे गर्दी नव्हती. पाचशे वर्षांत ख्रिस्तसभा एवढे शिकली. त्या चौकावर आपल्या नियतकालिकांत कितीतरी कविता आल्या. एकीतही १५२२ आणि २०२० यांच्यातले हे अंतर नाही. सगळ्या पावसावर आहेत.

दुसरे पुस्तक आल्बेर कामू यांची १९४७ ची 'प्लेग' ही कादंबरी. सेमिनरीत ती आम्ही इंग्रजीतून चोरून म्हणावी तशी वाचली होती, लेखक नास्तिक म्हणून. तीत फादर पानलू नावाचे विद्वान धर्मगुरू आहेत. साथीच्या आरंभी ते प्रवचनातून गर्जतात की, ही तुमच्या पापांची शिक्षा आहे. मग एका लहान मुलाला तडफडून मरताना ते डोळ्यांनी पाहतात. नंतरचे त्यांचे प्रवचन हळू आवाजात आहे आणि त्यात 'तुम्ही' नाही, 'आपण' आहे. समीक्षक या दोन प्रवचनांतल्या धर्मशास्त्रावर पुष्कळ लिहितात. मला एका सर्वनामाचा हा बदल पुरेसा वाटतो. तरीही माझ्या कसोटीवर ते प्रवचन अर्धेच उतरते, कारण 'आपण' म्हणणे सोपे आहे. 'मी' म्हणणारे प्रवचन फादर पानलूंनी केले नाही. ते आजारी पडले, डॉक्टर नको म्हणाले आणि क्रूस हाती धरून गेले. कामूंना धर्मगुरूची अडचण फार चांगली समजली होती, पण तिच्यातून त्याला बाहेर काढण्याची त्यांना गरज वाटली नाही.

येथवर लिहून मी थांबलो होतो. इतरांनी आपले अंतर सांगितले नाही, असे म्हणणाऱ्याने स्वतःचे झाकून लेख संपवावा, हे मनाला पटेना.

आमच्या धर्मग्रामात एक जुने मास्तर होते. मिशनच्या शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना बाराखडी आणि प्रार्थना शिकवली. एप्रिल २०२१ मध्ये, खाटा मिळत नव्हत्या आणि प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी माणसे रात्ररात्र हिंडत होती त्या दिवसांत, एका संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "फादर, बापूंना दम लागलाय. तेल घेऊन येता का?" मी विचारले, "तपासणी झाली का?" तो म्हणाला, "झाली." मी फोनवरच प्रार्थना म्हटली आणि सकाळी येतो असे सांगितले. माझ्याकडे मुखपट्टी होती, हातमोजे होते, कापसाने तेल लावण्याची मुभाही होती. पहाटे तीनच्या सुमारास मास्तर गेले. दफनाच्या वेळी मी कबरस्थानाच्या भिंतीशी उभा होतो. अंतर मोजले नाही, पण मुलाला हाक मारली असती तर ओरडावे लागले असते.

मृतांच्या नोंदवहीत एक रकाना असतो: संस्कार मिळाले काय? त्या वसंतातल्या सात ओळींपुढे मी आडवी रेघ मारली आहे, त्यातली एक मास्तरांची. धर्मशास्त्राच्या दृष्टीने काही उणे राहिले असे नाही. रोमने मार्च २०२० मध्येच अशा रुग्णांसाठी विशेष दंडविमोचन जाहीर केले होते, आणि देवाची कृपा माझ्या मोटारसायकलवर अवलंबून नसते. मी येथे एका वाङ्मयीन गुन्ह्याची कबुली देतो आहे. पुढच्या महिन्यात धर्मग्रामाच्या पत्रकात मी मास्तरांवर मृत्युलेख लिहिला. त्यात वाक्य असे: 'प्रार्थनेच्या पवित्र वातावरणात त्यांनी शांतपणे प्रभूच्या चरणी देह ठेवला.' हे वाक्य मी शोधून काढले नव्हते, ते हाताला सवयीने आले. त्या दोन वर्षांतल्या आपल्या स्मरणिका चाळा, हे वाक्य किंवा याचे भावंड पानोपानी दिसेल. वर मी ज्या लेखनाला नावे ठेवली, त्यातला हा सर्वांत निर्ढावलेला प्रकार आहे आणि तो आम्हा धर्मगुरूंच्या हातचा आहे.

मास्तरांचा मुलगा दीड वर्षाने मला भेटला, तोही दुसऱ्याच कामासाठी. जाताना उंबऱ्यात थांबून तो म्हणाला, "फादर, राग मानू नका. बापू शांतपणे नव्हते गेले." मी त्याला आत बसवले. तो तास-दीड तास बोलत होता. पालथे निजवले तर दम कमी लागतो असे कुणीतरी सांगितले होते, म्हणून मायलेकांनी रात्रभर त्यांना कसे पालथे धरून ठेवले. मास्तर मध्येच मुलांची हजेरी घेत होते, आणि त्या हजेरीत माझेही नाव कसे आले. (मी त्यांचा विद्यार्थी नाही. बहुधा ते माझी वाट पाहत होते.)

मी त्याला म्हणालो, "हे तू लिही." तो म्हणाला, "मला कुठं लिहिता येतं?" मास्तरांच्या मुलाने असे म्हणावे याचे आम्हा दोघांनाही हसू आले. गेल्या आगमनकाळात त्याने शाळेची दोनशे पानी वही आणून दिली. अकरा पाने भरली आहेत. शुद्धलेखन बापाच्या धाकातले, मात्रावेलांटी कुठे चुकलेली नाही. लेख खाटेपासून सुरू होत नाही. चार वाजता प्राणवायूचे नळकांडे बघायला तो श्रीरामपूरला निघाला, तेव्हा मोटारसायकलमध्ये पेट्रोल नव्हते, येथून सुरू होतो. चौथ्या पानावर फोन आहे. माझे बोलणे त्याने जसेच्या तसे उतरवले आहे, तपासणीच्या प्रश्नासकट. माझे नाव घातलेले नाही, नुसते 'फादर' म्हटले आहे.

संपादकांच्या परवानगीने ती अकरा पाने पुढील अंकासाठी देत आहे. चौथ्या पानावर फोनमधला तो फादर मी, असे समासात लिहून त्याखाली सही केली आहे.